गोव्याच्या दमट हवेत मॅरेथॉनची तयारी: वीस आठवड्यांचा आराखडा, आणि तो बिघडला तर काय करायचे

पहिल्यांदा पूर्ण मॅरेथॉनला उतरणारे बरेच जण ४२.१९५ किलोमीटर या आकड्याला घाबरून जास्त सराव करतात, आणि त्या जास्तीच्या सरावानेच घरी बसतात. हाती घेतलेली योजना बहुधा थंड हवेच्या देशासाठी बेतलेली असते. तिच्यात चवथ (गणेशचतुर्थी) नसते, ऑक्टोबरचा उकाडा नसतो, डेंग्यूची साथ नसते. मग एखादा रविवार बुडतो, तो भरून काढायला पुढच्या आठवड्यात दीडपट धावले जाते आणि नडगी धरते.

खालचा आराखडा बुडणारे आणि बिघडणारे आठवडे गृहीत धरून केला आहे. लक्ष्य धरले आहे जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारची मुंबई मॅरेथॉन, कारण गोव्यातून जायला ती सोयीची आणि हवाही त्यातल्या त्यात बरी. शर्यत दुसरी असेल तर आठवडे तसेच ठेवून तारखा सरकवा.

## आधी ही तपासणी

गेले तीन-चार महिने आठवड्यातून तीन वेळा धावत असाल आणि न थांबता १० किलोमीटर जाता येत असेल, तरच पहिला आठवडा सुरू करा. एखादी अर्धमॅरेथॉन झालेली असेल तर उत्तम. तेवढी तयारी नसेल तर या वर्षी अर्धी धावा, पूर्ण पुढच्या वर्षी. यात कमीपणा काही नाही. वीस आठवड्यांत शून्यापासून ४२ किलोमीटरपर्यंत हाडे तयार होत नाहीत. दम लवकर वाढतो. हाडे आणि स्नायुबंध मागून येतात.

वय चाळीसच्या पुढे, रक्तदाब, मधुमेह, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार, किंवा चढावर छातीत दडपण येत असेल तर डॉक्टरांना दाखवूनच पुढे जा. रक्ततपासणी करताना हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) बघायला सांगा. विशेषतः स्त्रियांमध्ये हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा तळाला गेलेला असू शकतो, आणि मग दहाव्या आठवड्यात "पाय उचलत नाहीत" याचे कारण सरावात शोधले जाते.

## टप्पा १: तारखा उलट्या मोजा

शर्यत विसाव्या आठवड्याच्या रविवारी येते. तिथून मागे मोजले की पहिला आठवडा ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला पडतो. वहीत वीस रविवार लिहा आणि प्रत्येकासमोर गोव्यातले त्या दिवसांचे वास्तव लिहा.

- पाचवा ते नववा आठवडा: ऑक्टोबर. पाऊस सरलेला, हवा कोंदट, संध्याकाळी विजांसह सरी.
- बारावा-तेरावा: नोव्हेंबरअखेर. ३ डिसेंबरच्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्तासाठी (सणासाठी) ओल्ड गोव्याच्या रस्त्यावर पायी जाणाऱ्यांची आणि वाहनांची गर्दी.
- सोळावा-सतरावा: नाताळ आणि वर्षअखेर. योजनेतला सर्वांत लांब रविवार नेमका २५ ते ३१ डिसेंबरच्या दरम्यान येतो, म्हणजे किनारपट्टीचे रस्ते पहाटे सर्वांत धोकादायक असतात तेव्हा.

सतराव्या आठवड्याचा हा पेच आजच सोडवून ठेवा. कळंगुट, बागा, कोलवा या बाजूंना त्या पहाटे जाऊच नका. रात्रभर जागून, पिऊन गाडी हाकणारे लोक पहाटे चार-पाचलाच घरी परतत असतात. दिवाडी बेटावर जा, नाहीतर सत्तरी-डिचोलीकडचा ओळखीचा रस्ता धरा, नाहीतर मधल्या एखाद्या वारी रजा काढा.

## टप्पा २: बूट आणि बारीकसारीक सामान

वीस आठवड्यांत मिळून आठशे-नऊशे किलोमीटर धावणे होते. बुटांचा एक जोड साधारण ६०० ते ८०० किलोमीटर टिकतो, म्हणजे एका जोडावर हा सराव होत नाही. दोन घ्या. पहिला सुरुवातीला, दुसरा बाराव्या-तेराव्या आठवड्यात. दुसरा शर्यतीपर्यंत शंभर-दीडशे किलोमीटर चाललेला असेल, आणि तसाच हवा.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे. तेवढी नसेल तर उतारावर नखे काळी पडतात. कार्बन प्लेटचे महाग बूट पहिल्या मॅरेथॉनला लागत नाहीत.

पावसात भिजलेले बूट वाळवण्याची पद्धत: आतली गादी काढा, नाड्या सैल करा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने ते ओले बोळे काढून कोरडे घाला, मग पंख्याखाली ठेवा. कडक उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवलेल्या बुटांचा गोंद सुटतो आणि तळाचा फेस कडक होतो.

बाकी सामान थोडेच: सुती नसलेले मोजे, टोपी, कमरेचा पट्टा किंवा हातातली बाटली, अंधारात चमकणारी पट्टी, पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, व्हॅसलीन. व्हॅसलीन जांघेत, काखेत, स्त्रियांना स्पोर्ट्स ब्राच्या खालच्या पट्ट्याखाली, पुरुषांना स्तनाग्रांवर लावावे लागते. तिथे कागदी चिकटपट्टी लावली तरी चालते.

खबरदारी: धावून आल्यावर ओल्या कपड्यांत गप्पा मारत बसू नका. पंधरा मिनिटांच्या आत कपडे बदला. गोव्याच्या दमटपणात जांघेत नायटा धरायला दोन आठवडे पुरतात, आणि तो जायला दोन महिने लागतात.

## टप्पा ३: रस्ते ठरवा

एकच रस्ता धरून बसू नका. सपाट, चढाचा आणि लांब असे तीन हवेत.

पणजीकरांना मिरामार ते दोना पावल हा पट्टा हलक्या धावेसाठी सोयीचा. चढासाठी आल्तिनो. लांब पल्ल्यासाठी पाट्याच्या पुलावरून रायबंदर आणि पुढे ओल्ड गोवा. पणजीहून एका बाजूला नऊ-दहा किलोमीटर होतात. पूल अरुंद आहे, त्यामुळे तो पहाटेच ओलांडा आणि समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, एकामागे एक धावा. दिवाडीला जाणार असाल तर पहिली फेरीबोट किती वाजता सुटते ते आदल्या दिवशी धक्क्यावर विचारून घ्या. फोंड्याच्या लोकांना फर्मागुढीचा चढ आहे, साष्टीतल्यांना बाणावली-वार्का-केळशीचा सपाट रस्ता.

किनाऱ्यावर धावण्याबद्दल स्पष्ट सांगायला हवे, कारण गोव्यात आल्यासारखे सगळ्यांना तेच करावेसे वाटते. कोरड्या पुळणीत टाच खोल जाते आणि पोटरीची शीर ताणते. ओल्या पट्ट्यावर जमीन समुद्राकडे कललेली असते, त्यामुळे एक पाय सतत खाली पडतो. दहा किलोमीटर एकाच दिशेने गेलात तर गुडघ्याची बाहेरची बाजू किंवा कंबर कुरकुरते. ओहोटीला पट्टा रुंद आणि बऱ्यापैकी सपाट मिळतो, पण ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून या रविवारी मिळालेला छान ओला पट्टा पुढच्या रविवारी त्याच वेळी पाण्याखाली असतो. भरती-ओहोटीचे कोष्टक पाहा. किनाऱ्यावर आठवड्यातून एकदा, ४ ते ६ किलोमीटर, अर्धे जाऊन अर्धे परत, एवढेच.

भटके कुत्रे: अंगावर आले तर पळू नका, डोळ्यात डोळे घालू नका, चालायला लागा आणि बाटली मध्ये धरा. चावलाच तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. ओरखडा असला तरी.

साचलेले पाणी: पायाला जखम असताना रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून धावू नका. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस असाच होतो. जांभ्या दगडाच्या पायऱ्या आणि शेवाळलेला उतार असेल तिथे चालावे.

## टप्पा ४: वेग कमी करा

सर्वांत जास्त चुका इथे होतात.

समजा तुमची अर्धमॅरेथॉन २ तास १० मिनिटांत झाली आहे, म्हणजे किलोमीटरला ६:१० (६ मिनिटे १० सेकंद). दुप्पट करून १५ ते २० मिनिटे मिळवा: पूर्ण मॅरेथॉन ४:४० (४ तास ४० मिनिटे) च्या आसपास, किलोमीटरला ६:३८. रोजची हलकी धाव याहूनही ४५ ते ७५ सेकंदांनी सावकाश, म्हणजे ७:२० ते ७:५०. पहिल्या दिवशी हा वेग लाजिरवाणा वाटतो. बाजूने कुणी पुढे गेले की पाय आपोआप उचलले जातात. तसे करू नका. हृदय आणि केशवाहिन्या तयार होतात त्या या सावकाश किलोमीटरांत, आणि ते ताजेपणी करता येतात तेव्हाच गुरुवारची कठीण धाव नीट होते. सगळे दिवस मध्यम जोरात धावणारा माणूस हलक्या दिवशी विश्रांती घेत नाही आणि कठीण दिवशी जोर लावू शकत नाही.

त्यात गोव्याची हवा. घाम आल्याने अंग थंड होत नाही, घाम वाळल्याने होते. सप्टेंबरच्या पहाटे तापमान २४-२५ अंश असले तरी हवा बाष्पाने इतकी भरलेली असते की घाम वाळत नाही, नुसता गळतो. मग शरीर कातडीकडे जास्त रक्त पाठवते, पायांच्या वाट्याला कमी येते, आणि त्याच वेगाला नाडी दहा-पंधरा ठोके वर जाते. म्हणून ऑक्टोबरअखेरपर्यंत वरच्या आकड्यांत आणखी २० ते ४० सेकंद घाला.

तपासणी: हलकी धाव खरोखर हलकी आहे का हे घड्याळाशिवाय कळते. आरतीच्या दोन ओळी न अडखळता म्हणून बघा. दुसऱ्या ओळीत श्वास तुटला तर वेग जास्त आहे.

आता उलटी बाजू. नोव्हेंबरच्या मध्यात पहाटे गारवा येतो, हवा कोरडी पडते आणि एका आठवड्यात वेग किलोमीटरला वीस-तीस सेकंदांनी वाढतो. त्यातला काही भाग सरावाचा असतो आणि बराचसा हवेचा. हे न ओळखता लोक लक्ष्य ४:४० वरून ४:१५ वर नेतात, रविवारचे २७ किलोमीटर शर्यतीच्या वेगाने धावतात, आणि चौदाव्या-पंधराव्या आठवड्यात जखमी होतात. चढती कमान लागली की दोन आठवडे काहीही बदलू नका. वाईट आठवड्यांइतकीच या चांगल्या आठवड्यांत काळजी घ्यावी लागते.

## टप्पा ५: आठवड्याची मांडणी

सोमवार विश्रांती. मंगळवार हलके ६ ते ८ किलोमीटर. बुधवार ताकदीचे व्यायाम. गुरुवार कठीण धाव. शुक्रवार विश्रांती. शनिवार हलके ५. रविवार लाँग रन. नोकरीच्या पाळ्या असतील तर दिवस बदला, पण कठीण धाव आणि लाँग रन यांच्यात दोन दिवस राहू द्या.

रविवारची अंतरे, किलोमीटरमध्ये:

- आठवडे १ ते ४: १२, १४, १६, १२
- आठवडे ५ ते ८: १६, १८, २०, १४
- आठवडे ९ ते १२: २१, २३, २५, १६
- आठवडे १३ ते १७: २७, २९, १८, २४, ३२
- आठवडे १८ आणि १९: २१, १४
- आठवडा २०: शर्यत

चौथा, आठवा, बारावा आणि पंधरावा हे उतरते आठवडे आहेत. "अंगात जोर आहे, मग १२ च का?" असे वाटेल. अंगात जोर राहावा म्हणूनच ते बारा आहेत. एखाद्या आठवड्यात अडचण आली तर तो उतरता आठवडा तिकडे सरकवता येतो. हीच या मांडणीतली सूट.

लाँग रनला वेळेचीही मर्यादा घाला: साडेतीन तास. अंतर अपुरे राहिले तरी थांबा. त्यापुढे शरीराची झीज वाढते आणि फायदा वाढत नाही.

गुरुवार असा: पहिले सहा आठवडे १५ मिनिटे हलके, मग एक मिनिटाचा चढ सहा वेळा, खाली येताना चालत. सात ते बारा: १५-१५ मिनिटांचे दोन टेम्पो तुकडे, मध्ये ४ मिनिटे सावकाश. टेम्पो म्हणजे चार-पाच शब्दांपुढे बोलता येणार नाही असा वेग. तेरा ते सतरा: शर्यतीच्या वेगाने ८ ते १२ किलोमीटर.

बुधवारचे व्यायाम २५ मिनिटांचे: बैठका, पुढे पाय टाकून लंज, उताणे झोपून कंबर उचलणे, प्लँक, आणि पायरीच्या कडेला उभे राहून टाचा वर-खाली करणे, गुडघा सरळ ठेवून १२ आणि वाकवून १२, असे तीन वेळा. यातला शेवटचा व्यायाम लोक पहिला सोडतात आणि पोटरीचे दुखणे घेऊन येतात.

## टप्पा ६: लाँग रन, आदल्या रात्रीपासून

आदली रात्र. उकड्या तांदळाचा भात, तोय किंवा पातळ वरण, थोडे हुमण (माशाची आमटी), बटाट्याची किंवा दुधीची भाजी. तळलेले मासे, उसळ, कच्च्या कोशिंबिरी, भाज्यांनी भरलेले खतखते हे रविवारी दुपारसाठी ठेवा. तंतू आणि तेल पहाटे पोटात ढवळतात. मद्य नको. चवथीत नेवऱ्या दोन खाल्ल्याने काही बिघडत नाही. त्यामुळे झोपायला बारा वाजले तर बिघडते.

पहाट. निघण्याआधी तास-सव्वा तास एक पोई (गोव्याचा कोंड्याचा पाव) जॅम लावून किंवा दोन केळी, सोबत एक पेला पाणी. चहा-कॉफीची सवय असेल तर घ्या, पोट साफ होते.

घामाचा हिशेब. हे एकदा सप्टेंबरात आणि एकदा डिसेंबरात करा. लघवी करून, कपड्यांशिवाय वजन घ्या. एक तास धावा, किती पाणी प्यालात ते मोजा, अंग पुसून पुन्हा वजन घ्या. समजा आधी ६८.४ किलो, नंतर ६७.३, आणि मध्ये पाव लिटर पाणी. म्हणजे तासाला १.३५ लिटर घाम. एवढे सगळे धावताना भरून काढायचे नाही, पोट तेवढे घेतही नाही. तासाला ५०० ते ७०० मिली, तहानेच्या मानाने, हे बहुतेकांना पुरते. वजन दोन-तीन टक्के उतरले तर चालते.

खबरदारी: धावून आल्यावर वजन वाढलेले असेल तर पाणी जास्त झाले आहे. रक्तातले सोडियम पातळ होऊन डोकेदुखी, मळमळ, हातांना सूज, पुढे भ्रम आणि झटके येतात. प्रत्येक टेबलावर पेलाभर पाणी पिणाऱ्या, सावकाश धावणाऱ्या लोकांना हा धोका जास्त.

ओआरएस. एक मोठी पुडी एक लिटर पाण्यात, संपूर्ण, एकाच वेळी. अर्धी पुडी अंदाजाने अर्ध्या बाटलीत घातली की कधी फिके, कधी खारट होते, आणि घट्ट मिश्रणाने पोट बिघडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे केलेल्या लिटरभर ओआरएसमध्ये ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असते. म्हणजे मीठ मिळते, ऊर्जा जवळजवळ नाही. शहाळ्यात उलट पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी. धावून आल्यावर शहाळे उत्तम, पण घामातले मीठ त्याने भरून येत नाही. सोबत काहीतरी खारट खा.

ऊर्जा. स्नायू आणि यकृत यांतला साठा साधारण तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येतो. पाय बांधल्यासारखे होतात ते तेव्हा. म्हणून तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके आत जायला हवीत. एका जेलमध्ये (धावताना चोखायची गोड, घट्ट द्रवाची पुडी) बहुधा २० ते २५ ग्रॅम असतात. पहिले ४० ते ४५ मिनिटांनी, मग दर अर्ध्या तासाला एक, साध्या पाण्याबरोबर. जेलवर गोड सरबत प्यालात तर पोटात साखरेचा गोळा होतो. जेल सोसत नसेल तर बिया काढलेले तीन-चार खजूर किंवा एक केळे घ्या. चिक्की नको, शेंगदाण्याचे तेल पचायला वेळ लागतो. नवव्या आठवड्यापासून प्रत्येक लाँग रनला हे करा. पोटालाही सराव लागतो.

परत आल्यावर. दहा मिनिटे चाला, कपडे बदला, अर्ध्या-पाऊण तासात खा. मीठ घातलेली गरम पेज, सोबत अंडी किंवा माशाचा तुकडा, यापेक्षा सोपे काही नाही. सोलकढी दुपारच्या जेवणात घ्या; रिकाम्या ढवळलेल्या पोटावर आंबट आणि नारळाचे दूध नको.

मग वहीत एक ओळ:

"रवि. २३ किमी, ७:४८, पहाटे २५ अंश, कोंदट. १८ नंतर जड. जेल ३. पाणी दीड लि. डावी नडगी २/१०. झोप ५ तास."

यातला "झोप ५ तास" हा भाग लिहिला नाही तर आठवडाभर वाटत राहते की तयारीच मागे पडली आहे.

## टप्पा ७: घसरण ओळखा आणि ठरलेले उत्तर द्या

नवव्या ते बाराव्या आठवड्यांत जवळजवळ प्रत्येकाला एक खड्डा लागतो. नवेपणा संपलेला, उकाडा चालू, शर्यत लांब. त्या वेळी डोक्याने निर्णय घेऊ नका, आधी लिहून ठेवलेल्या नियमाने घ्या.

धाव बुडली तर. एक ते तीन दिवस: विसरून जा, पुढच्या दिवसापासून योजना पकडा. मंगळवारचे आठ गुरुवारच्या धावेला जोडू नका. चार ते सात दिवस: बुडालेला रविवार सोडा, पुढचा रविवार एक पायरी खाली धावा. आठ ते चौदा दिवस: दोन पायऱ्या खाली, आणि एक आठवडा कठीण धाव नाही. दहाव्या आठवड्यानंतर सलग तीन आठवडे गेले तर या शर्यतीत अर्धमॅरेथॉन धावा किंवा तारीख बदला.

थकवा साचला तर. सकाळी उठल्या उठल्या नाडी नेहमीपेक्षा सात-दहा ठोके जास्त, झोप तुटक, भूक मेलेली, चिडचिड, हलकी धावही जड. यातली तीन लक्षणे तीन दिवस टिकली तर तीन दिवस पूर्ण बंद. चौथ्या दिवशी पाच किलोमीटर हलके. तेही जड गेले तर आणखी चार दिवस, आणि रक्त तपासा.

ताप. नुसती सर्दी, ताप नाही, छाती मोकळी: हलके धावता येते. ताप, अंगदुखी, छातीत कफ: अजिबात नाही. ताप गेल्यावर दोन दिवस थांबून चालण्यापासून सुरुवात करा. डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल, आणि डॉक्टर. डेंग्यू किंवा चिकुनगुन्या झाल्यास या वर्षीची पूर्ण मॅरेथॉन सोडून द्या. प्लेटलेट वर आल्या म्हणजे शरीर तयार झाले असे नाही, आणि चिकुनगुन्याचे सांधे महिनोन्‌महिने दुखतात.

दुखणे. दहापैकी तीनपर्यंत, चाल बिघडत नाही, दुसऱ्या सकाळी गेलेले: धावत राहा. धावताना वाढत जाते, किंवा लंगडावे लागते: तिथेच थांबा आणि रिक्षा करून घरी या. सकाळी पलंगावरून उतरताना पहिली चार पावले टाच टोचते: तळपायाची शीर, पोटरी सैल करा, घरात अनवाणी चालू नका. नडगीच्या हाडावर एका बोटाने दाबल्यावर एकच ठिकाण सणकते, रात्रीही ठणकते, त्या पायावर उडी मारता येत नाही: हाडाला तडा असू शकतो. वेदनाशामक घेऊन धावण्याचा प्रश्नच नाही, अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा.

एक लाँग रन फसला तर. आधी वही बघा: झोप, हवा, खाणे, सुरुवातीचा वेग. दहापैकी आठ वेळा कारण या चारांतच सापडते. लागोपाठ दोन फसले तर उतरता आठवडा पुढे ओढा. २९ चा रविवार फसला म्हणून बुधवारी पुन्हा २९ धावू नका.

## टप्पा ८: शेवटचे तीन आठवडे

सतराव्या आठवड्यानंतर सराव कमी करत न्या: आधी तीन चतुर्थांश, मग निम्मा, शर्यतीच्या आठवड्यात दोन-तीन छोट्या धावा. वेग तोच, अंतर कमी. या दिवसांत नसलेली दुखणी जाणवतात, अंग जड वाटते, आणि "एकदा ३५ करून बघू" असा मोह होतो. आता केलेला लांब पल्ला शर्यतीपर्यंत अंगी लागत नाही, थकवा मात्र राहतो.

शेवटचे दोन-तीन दिवस भात, पोई, बटाटे, रताळी वाढवा. तेल आणि तंतू कमी करा. वजन किलोभर वाढते, ते साठलेल्या कर्बोदकांबरोबरचे पाणी असते.

मडगाव, करमळी किंवा थिवीहून रेल्वेने जाणार असाल तर शुक्रवारीच मुंबईत पोहोचा. बिब (छातीवर लावायचा धावपटूचा क्रमांक) आधी, एक्स्पोत म्हणजे शर्यतीआधीच्या प्रदर्शनात, ओळखपत्र दाखवून घ्यायचे असते. शनिवारी त्यासाठी चार तास उभे राहिलात तर पाय रविवारी सांगतात. त्या वर्षीचा नकाशा पाहून चढ आणि पाण्याची टेबले कोणत्या किलोमीटरला आहेत ते लिहून घ्या.

## टप्पा ९: शर्यत

नवे काहीही नाही: बूट, मोजे, जेल, नाश्ता. एक्स्पोत घेतलेला टी-शर्ट नंतर घाला.

४:४० चे लक्ष्य असेल तर पहिले ५ किलोमीटर ६:५० ने, म्हणजे ३४ मिनिटे १० सेकंदांत. नंतर ६:३८. अर्ध्या अंतरावर २ तास २१ मिनिटे, तिसाव्या किलोमीटरला ३ तास २० मिनिटे. पहिल्या पाचात तीन मिनिटे "वाचवली" तर शेवटच्या दहात पंधरा जातात. मुंबईची पहाट गोव्यापेक्षा गार असते, त्यामुळे सुरुवातीला अंग विलक्षण हलके वाटते. इथेच फसगत होते. घड्याळाचे जीपीएस अंतर थोडे जास्त दाखवते. रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाट्यांवर हिशेब ठेवा.

पाण्याच्या टेबलावर वीस-तीस पावले चालत प्या, धावता धावता अर्धे पाणी नाकात जाते. पोटरीत गोळा आला तर थांबून ताणा आणि पुढचे दोन किलोमीटर सावकाश.

थांबण्याची लक्षणे: छातीत दुखणे, अंगावर काटा येऊन थंडी वाजणे, पाय झोकांड्या खाणे, आपण कुठे आहोत हे न उमजणे. सोबतच्या धावपटूत ही दिसली तर त्याला सावलीत न्या, अंगावर गार पाणी आणि बर्फ, आणि वैद्यकीय पथकाला हाक मारा. सरावात गोव्याच्या रस्त्यावर असे झाले तर १०८. धावण्याआधी किंवा मध्ये आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नका. पाणी कमी पडलेल्या मूत्रपिंडांवर त्याचा भार पडतो.

## टप्पा १०: नंतरचे दोन आठवडे

रेषा ओलांडल्यावर बसू नका, दहा-पंधरा मिनिटे चाला, खारट-गोड काहीतरी खा. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी लघवीचा रंग बघा. पाणी पिऊनही ती काळ्या चहासारखी येत असेल तर स्नायू तुटून मूत्रपिंडांवर ताण आलेला असू शकतो; त्याच दिवशी रुग्णालयात जा.

पहिला आठवडा धावणे नाही. चालणे, पोहणे, झोप. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मिरामारवर ५ किलोमीटर, घड्याळ घरी ठेवून. कुठे दुखले तर परत चालत या आणि आणखी चार दिवसांनी तेच पाच पुन्हा करून बघा.